पाचावर फाडलेली चिठ्ठी

रविवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी अल्विन ट्रेलोर गावच्या इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे सार्वजनिक हॉलच्या, वरच्या खोलीत कागद कापत होता. एका पानाच्या आठ चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीच्या लांब कडेला एक ते पाच आकडे छापलेले, बाकी काही नाही. साठ चिठ्ठ्या पुरल्या असत्या, पण आठाच्या हिशेबात साठ बसत नाहीत, म्हणून त्याने चौसष्ट कापल्या.

पोर्ट कॅरनच्या फिल्म सोसायटीत सिनेमा संपल्यावर टाळ्या वाजवायची पद्धत नाही. दाराशी बिस्किटांचा रिकामा डबा असतो. बाहेर पडताना आपल्या मताच्या आकड्यापाशी चिठ्ठीची कड फाडायची आणि ती डब्यात टाकायची. नाव लिहायचं नाही. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे दुपार फुकट गेली. तसं सांगणारा फलक मुख्य दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने ठोकलेला आहे. त्या रविवारी उत्तरेचा गरम वारा सुटला होता आणि दार सारखं आपटत होतं, म्हणून अल्विनने खाली येऊन ते पूर्ण उघडलं आणि भिंतीच्या हुकाला अडकवून टाकलं. फलक भिंतीकडे तोंड करून राहिला. हे त्याच्या लक्षात आलं नाही.

सिनेमा दोन वाजता. सोसायटीतले बरेच सभासद सत्तरीच्या पुढचे आहेत आणि दिवस मावळल्यावर रस्त्यात कांगारू येतात, त्यामुळे संध्याकाळचे खेळ सात वर्षांपूर्वी बंद झाले.

अल्विन एकोणसत्तर वर्षांचा आहे. चौतीस वर्षं त्याने धक्क्याजवळच्या धान्याच्या कोठारांत नमुने काढायचं काम केलं. ट्रक आला की पोकळ सळई बार्लीत खुपसायची, दाणे चाळायचे, ओल मोजायची आणि प्रत ठरवायची. एक नंबर, दोन नंबर, नाहीतर जनावरांचा चारा. सुगीत चाळीस चाळीस ट्रकांची रांग असायची आणि ज्याचा माल अर्ध्या टक्क्याने ओला निघाला तो खिडकीशी येऊन अल्विनशी गोड बोलायचा. अल्विनने चौतीस वर्षांत कोणाचीही प्रत वर सरकवली नाही. त्यामुळे गावात त्याला मान आहे आणि जेवायला बोलावणं कमी. लग्न त्याने केलं नाही. त्याचं कारण तो सांगत नाही आणि गाव विचारत नाही.

वरच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. रिळं होती तेव्हा माणसंही दोन लागायची, एक रीळ संपवणारा आणि एक लावणारा. दुसऱ्या खुर्चीत सतरा वर्षं रॉस जेन्किन बसला. आता यंत्र एका बटणावर चालतं आणि रॉस दोन वर्षांपूर्वी मुलीकडे क्वीन्सलँडला राहायला गेला. महिन्यातून एकदा तो फोन करतो आणि तिकडच्या हवेबद्दल बोलतो. जानेवारीत अल्विनने त्याला या रविवारच्या सिनेमातला पोहण्याचा प्रसंग सांगितला. सांगताना हसू आवरायला अल्विनला दोनदा थांबावं लागलं. रॉस शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "तुला असलं आवडतं बुवा. मी तर तू हसायचास म्हणून हसायचो." मग त्याने आर्द्रता किती आहे ते सांगितलं. तेव्हापासून दुसऱ्या खुर्चीवर जुन्या दिव्यांचं खोकं आहे.

सोसायटीच्या कार्यकारिणीत आठ जण आहेत आणि प्रत्येकाला वर्षातून एक सिनेमा निवडता येतो. अल्विन उरलेले सात सिनेमे दाखवतो तेव्हा ते दुसऱ्यांचे असतात: मठातल्या गायिका, युद्धातली पत्रं, इटलीत घर घेणारी बाई. मार्चमधला एक त्याचा. नियम असा आहे की ज्याच्या निवडीची सरासरी सलग दोन वर्षं दोनाच्या खाली गेली त्याची निवड तीन वर्षांसाठी काढून घ्यायची. अल्विनच्या गेल्या वर्षीच्या सिनेमाला एक पूर्णांक सत्त्याऐंशी शतांश मिळाले होते.

या वर्षीच्या सिनेमाचं नाव 'बदल नाही'.

त्याची गोष्ट सांगायला वेळ लागत नाही. वाळवंटातल्या एका गावाला कोरडं तळं आहे. शंभर वर्षांपूर्वी कोणा मोजणीदाराने ते भरलेलं असताना पाहिलं आणि नकाशावर बंदर म्हणून लिहिलं. त्यामुळे गावाला लाकडी धक्का आहे, पाणी मोजायची पट्टी आहे आणि पट्टी वाचणारा सरकारी कारकून आहे. तो रोज सकाळी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जातो, वाकून वाळू बघतो, परत येतो आणि फोनवर सांगतो, "बदल नाही." असं अकरा वेळा होतं. मध्ये एक उंट येतो, त्याला नियमाप्रमाणे बुडू नये म्हणून फुगवायचं जाकीट घालतात. राजधानीहून तपासनीस येते, कारण बंदरावरच्या कर्मचाऱ्याला पोहता आलं पाहिजे. कारकून वाळूवर पालथा पडून पन्नास मीटर पोहतो. तपासनीस बाजूने घड्याळ घेऊन चालते. शेवटी ती लिहून देते की उमेदवार उत्तीर्ण, पण पाय आणखी जोरात मारावेत. बाराव्या सकाळी कारकून पट्टीपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहतो, फोन उचलतो, आणि सिनेमा संपतो.

चव्वेचाळीस प्रेक्षक होते. वरच्या खोलीच्या लहान चौकटीतून अल्विनला त्यांची डोकी मागून दिसतात. 'बदल नाही' पाचव्यांदा झालं तेव्हा दोन डोकी एकमेकांकडे वळली. आठव्यांदा झालं तेव्हा कडिनाहून आलेलं एक पाहुणं जोडपं उठलं, त्यांच्या मागोमाग आणखी चौघं. जे शेवटपर्यंत थांबत नाहीत त्यांना मत नसतं. वाळूवरच्या पोहण्याच्या वेळी हॉल इतका शांत होता की छतावरचा पत्रा वाऱ्याने वाजतोय ते ऐकू येत होतं. अल्विनने हा प्रसंग यंत्र तपासताना चार वेळा पाहिला होता. तरीही पाचव्यांदा तो मोठ्याने हसला, आणि मग चौकटीपासून मागे सरकला.

चहा बाहेरच्या ओसरीत असतो. प्रत्येकाने घरून एक ताटली आणायची असते. त्या दिवशी मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी होत्या, काकडीचे सँडविच होते आणि खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोन होते. अल्विन खाली आला तेव्हा सगळे खात होते आणि बोलत नव्हते. शेवटी मर्व्ह नानकिव्हेलने सुरुवात केली. मर्व्ह पोर्ट कॅरनच्या खऱ्या धक्क्यावर चाळीस वर्षं कामाला होता.

"मला एवढंच सांगा, आपण काय पाहिलं? मी तक्रार करत नाही. विचारतोय फक्त."

"सिनेमा पाहिला, मर्व्ह," सोसायटीची सचिव लोरेन पेंगेली म्हणाली.

"तसं होय." त्याने साखर ढवळली. "बाकी सोडा. पण त्या पट्टीवर आकडे फुटांत होते. फूट कधीच गेले. मी स्वतः रंगवलेत मीटर."

"अरे, पण तळं कोरडं आहे ना त्यांचं."

"कोरडं असलं म्हणून काय झालं? मोजायचं तर मीटरमध्ये मोजा."

डॉट रो म्हणाली की तिला उंटाचं बरं वाटलं, निदान कोणीतरी कोणाची काळजी घेतली. तिचा नवरा कीथ म्हणाला, "मला वाटलं चित्र अडकलंय. मी दोनदा मागे वळून वर बघितलं. अल्विन, यंत्र बिघडलं नव्हतं ना रे?"

"नाही."

"म्हणजे ते होतंच तसं?"

"तसंच होतं."

"बरं," कीथ म्हणाला. "मग तुझी चूक नाही."

"चूक नाही कशी?" मर्व्ह म्हणाला. "निवडला कोणी? गेल्या वर्षी तो मुक्या माणसाचा पत्र्याचा कारखाना, या वर्षी हे. पुढच्या वर्षी काय रे गड्या, नुसती भिंत दाखवशील?"

"भिंत असली तर रंग तरी बघता येईल," डॉट म्हणाली, आणि त्या दुपारी पहिल्यांदा सगळे हसले. अल्विनही थोडं हसला आणि चहाच्या बंबात पाणी घालायला वळला.

बंबाचा नळ जुना आहे. पाणी भरताना खडखडतो. त्यामुळे त्याच वेळी टिएन व्हो लोरेनला काय म्हणाली ते त्याला ऐकू गेलं नाही. टिएन मुख्य रस्त्यावरचं औषधांचं दुकान चालवते. तिला गावात येऊन पाच वर्षं झाली. ती म्हणाली, "मला त्या पोहण्याच्या वेळी हसू आवरेना. पण आजूबाजूला कोणीच हसत नव्हतं. मग मी रुमाल लावून खोकल्यासारखं केलं."

"मी पण ऐकलं ते," लोरेन म्हणाली. "मला वाटलं तुला सर्दी आहे. पेस्टी घे ना आणखी."

चिठ्ठ्या अल्विन सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोजतो. नियमाने मोजायला दोन माणसं हवीत. दुसरा रॉस होता. नव्याची नेमणूक करायचं दोन वर्षं राहून गेलं आहे.

चिठ्ठीवर नाव नसतं, पण अल्विनला नावं कळतात. हे त्याने कोणाला सांगितलेलं नाही. एवढी वर्षं तेच हात तोच कागद फाडतात. मर्व्ह इतक्या जोराने फाडतो की चिठ्ठीचा तुकडाच जातो. डॉट नखाने नुसती खूण करते. कीथ दोन आकड्यांच्या मध्ये फाडतो आणि निर्णय मोजणाऱ्यावर सोडतो. लोरेनची फाड बारीक आणि तिरकी. बार्लीच्या दाण्यावरून रान ओळखणाऱ्या माणसाला एवढं कठीण नाही.

अडतीस चिठ्ठ्या होत्या. त्याने आकड्यांप्रमाणे ढीग केले. एकाचा ढीग चौदांचा. त्यात मर्व्ह होता, आणि उरलेले तेराही कोण ते अल्विनला ठाऊक होतं. दोनाच्या तेरा, तिनाच्या आठ. चाराच्या दोन. त्यांतली एक लोरेनची. सचिवाने कार्यकारिणीच्या कोणत्याही निवडीला चाराखाली देऊ नये असं तिचं मत आहे. दुसरी टिएनची. टिएन सगळ्याच सिनेमांना चार देते, मठातल्या गायिकांनाही दिले होते. त्यामुळे अल्विन तिची चिठ्ठी नेहमी बेरजेत घेतो आणि विचारात घेत नाही.

आणि एक पाच.

ही चिठ्ठी त्याने खिडकीशी नेऊन पाहिली. कड हाताने ओढून फाडलेली नव्हती. आधी घडी घातली होती, घडीवरून नख फिरवलं होतं आणि मग कागद वेगळा केला होता. कड सुरीने कापल्यासारखी सरळ. असं फाडणारं सोसायटीत कोणी नव्हतं.

बेरीज सत्त्याहत्तर. भागिले अडतीस. दोन पूर्णांक तीन शतांश. त्याने तीनदा केलं. निवड राहत होती, आणि ती त्या एका चिठ्ठीमुळे राहत होती.

मग त्याने हजेरीची वही काढली. नवीन नावं तीनच होती. दोन कडिनाच्या पाहुण्यांची, जे आठव्या 'बदल नाही'ला उठून गेले. तिसरं व्हर्ना हॉकिंग.

व्हर्ना हॉकिंग म्हणजे गावच्या शेतकी प्रदर्शनातल्या मुरंबे-लोणच्यांच्या टेबलाची मुख्य परीक्षक. तीस वर्षं. चौऱ्याहत्तरीच्या या बाईला हसताना अल्विनने कधी पाहिलेलं नव्हतं. ते त्याला त्या सकाळी वावगं वाटलं नाही. त्यालाही फार लोकांनी पाहिलेलं नव्हतं.

मंगळवारी तो इन्स्टिट्यूटमध्ये गेला. खरं तर मंगळवारी तिथे त्याचं काही काम नसतं. वर जाऊन त्याने दुसऱ्या खुर्चीवरचं दिव्यांचं खोकं उचलून कपाटाखाली ठेवलं आणि खुर्ची ओल्या फडक्याने पुसली. रिकाम्या खुर्चीतून चौकट नीट दिसते का ते बसून पाहिलं. दिसत होती, फक्त डावा कोपरा जरा तुटत होता. त्याने खुर्ची चार बोटं सरकवली.

बुधवारी साडेदहाला तो प्रदर्शनाच्या हॉलवर गेला. प्रदर्शन तीन आठवड्यांवर होतं. व्हर्ना हॉकिंग लांब टेबलाशी एकटीच बसून बरण्यांसाठी कार्डं करत होती. निळी पहिल्या क्रमांकाची, लाल दुसऱ्या, पांढरी तिसऱ्या. प्रत्येक कार्ड घडी घालून, नख फिरवून वेगळं करायचं. अल्विनने ते दारातून पाहिलं आणि टोपी काढली.

"मिसेस हॉकिंग, रविवारी तुम्ही आला होतात."

"आले होते. लोरेन दोन वर्षं मागे लागलीय. बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय."

तो दुसऱ्या खुर्चीवर बसला.

"मग," तो म्हणाला, "आवडला?"

तिने कार्ड खाली ठेवलं. "अल्विन, मी तीस वर्षं मुरंबे चाखतेय. आवडला का असं परीक्षकाला विचारायचं नसतं. पण विचारतोच आहेस तर सांगते. आयुष्यात इतकी लांब दुपार मी एकदाच काढलीय, आणि तेव्हा मी बाळंत होत होते."

अल्विनने टोपीची कड सरळ केली. टोपी त्याच्या गुडघ्यावर होती.

"शेवटपर्यंत बसले, हे मात्र खरं," ती म्हणाली. "टेबलावर आलेली प्रत्येक बरणी चाखायची असते. बुरशी आलेली सुद्धा."

"डब्यात एक पाच निघाला," अल्विन म्हणाला.

"माझा तो. पाचवा. खरं तर आम्ही तिसऱ्याच्या पुढे नंबर देतच नाही. तुमच्या कागदावर पाचापर्यंत होते म्हणून पाच. सहा असता तर सहावर फाडला असता."

बाहेर कोणीतरी ट्रकमधून कुंपणाचे खांब उतरवत होतं. एक खांब पडल्याचा आवाज झाला, मग दुसरा.

"सोसायटीत पाच म्हणजे उत्तम, मिसेस हॉकिंग."

"कोण म्हणतं?"

"फलक आहे. दारावर."

"मला नाही दिसला."

"दार उघडं होतं. मीच अडकवलं होतं."

"मग बंद ठेवायचं ना." तिने क्षणभर विचार केला. "नाही, पण मला सांग. तू बार्ली तपासायचास तेव्हा चांगली कुठली?"

"एक नंबर."

"फुटबॉलच्या तक्त्यात वर कोण?"

"एक नंबर."

"माझ्या टेबलावर?"

"एक."

"मग सगळ्या गावात एक चांगला आणि तुमच्याच हॉलमध्ये उलटं, ते का?"

"ॲडलेडच्या सोसायटीकडून घेतलंय."

"हां," ती म्हणाली. "मग बरोबर."

तिने पुन्हा कार्ड उचललं. घडी, नख. मग तिला काहीतरी आठवलं.

"तो माणूस वाळूत लोळत होता ना, तेव्हा वरून कोणीतरी हसत होतं. ते सिनेमातलंच होतं का?"

"नाही. तो मी होतो."

"असं. मला वाटलं, चला, यांनी एक तरी गमतीचं घातलंय." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कशाला हसलास रे?"

अल्विनने सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला की कारकून खरोखरच पोहतो, म्हणजे मनापासून, श्वास बाजूला घेऊन. आणि ती बाई घड्याळ बघत चालते, आणि तिला त्यात वावगं काही दिसत नाही. आणि शेवटी ती पायांबद्दल लिहिते. बाकी कशाबद्दल नाही, फक्त पायांबद्दल. इथे त्याचा आवाज जरा हलला. व्हर्ना हॉकिंग पूर्ण लक्ष देऊन ऐकत होती, परीक्षक ऐकतात तशी.

"पाय जोरात मारावेत," ती म्हणाली.

"हो."

"वाळूत."

"हो."

"मग बरोबरच लिहिलं तिने. त्याचे पाय ढिले होते. मी पाहिले." तिने हातातल्या कार्डाची घडी पुन्हा दाबली. "नाही बाबा. मला नाही दिसत."

"ठीक आहे," अल्विन म्हणाला.

"माझ्या चिठ्ठीने काही घोटाळा झालाय का?"

त्याने सांगितलं. सरासरी, नियम, तीन वर्षं. तो सगळे आकडे शतांशापर्यंत सांगतो, तसे सांगितले. तिने मध्ये एकदाही विचारलं नाही.

"मग राहू दे पाच," ती म्हणाली. "मी पाचावर फाडलं, तू पाच मोजलास. मी काही सांगत फिरणार नाही. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"ते आहेच म्हणा." खिडकीखालच्या फळीवरून तिने एक लहान बरणी उचलून त्याच्या पुढे ठेवली. संत्र्याचा मुरंबा, गेल्या वर्षीचा, पांढरं कार्ड अजून चिकटलेलं. "मग एकावर धर मला. म्हणजे तुमच्या एकावर. आणि हे घेऊन जा. साखर जरा जास्त झालीय, पण वाईट नाही."

त्याने आभार मानले. दारापर्यंत गेल्यावर तिने मागून विचारलं, "पुढच्या महिन्यात काय आहे?"

"इटलीतल्या बाईचा दुसरा भाग."

"तो बघीन," ती म्हणाली.

घरी येऊन अल्विनने मतांची वही उघडली. पाचाच्या घरातली एक रेघ खोडली आणि एकाच्या घरात पंधरावी मारली. बेरीज त्र्याहत्तर. भागिले अडतीस. एक पूर्णांक ब्याण्णव शतांश. खोडलेल्या जागी त्याने आद्याक्षरं आणि तारीख टाकली, कोठारात टाकायचा तशी. मग लोरेनला फोन लावला.

"पण चिठ्ठ्या गुप्त असतात," लोरेन म्हणाली. "तिची कुठली ते तुला काय माहीत?"

"तिने स्वतः सांगितलं."

"आणि तू विचारायला गेलास कशाला?"

याला त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते फोनवर देण्यासारखं नव्हतं. "सहज गेलो होतो," तो म्हणाला.

लोरेनने सुस्कारा टाकला. "अरे अल्विन, तो नियम तरी कोणाचा? तूच मांडलास ना. मर्व्ह दरवर्षी युद्धाचे सिनेमे आणायला लागला तेव्हा."

"माझाच आहे."

"मी बैठकीत बोलू का? अपवाद करता येतो."

"नको."

"मग मार्च मी मर्व्हला देऊन टाकते. तो खूश होईल आणि आपल्याला पाणबुड्या बघायला लागतील." "आणि पुढच्या वेळी चिठ्ठीवर पाचापाशी 'उत्तम' छापून घेऊ. आणि तू मनाला लावून घेऊ नकोस. सिनेमा वाईट नव्हता. वेगळा होता एवढंच. त्या टिएनला तर खोकल्याने बेजार केलं होतं बिचारीला, तरी शेवटपर्यंत बसली."

"खोकला?"

"त्या पोहण्याच्या वेळी. म्हणजे खोकला नव्हताच म्हणे तो. हसू दाबत होती, असं काहीसं मला सांगत होती. मी पेस्टीच्या गडबडीत होते. बरं, ठेवते, ओव्हनमध्ये काहीतरी आहे."

फोन ठेवल्यावर अल्विन टेबलाशी आला. मग त्याने बिस्किटांचा डबा पुन्हा उघडला आणि चाराच्या ढिगातल्या दोन चिठ्ठ्या काढल्या. टिएनची फाड नेहमी असते तशीच होती, लहान, नेमकी, आकड्याच्या मधोमध. मठातल्या गायिकांच्या वेळी होती त्याहून ती कुठेही वेगळी नव्हती. त्याने ती खिडकीशीही नेऊन पाहिली. मग दोन्ही चिठ्ठ्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

दुपारी चार वाजता तो इन्स्टिट्यूटमध्ये गेला. मुख्य दाराचा हुक त्याने पान्याने काढून टाकला. वर जाऊन दिव्यांचं खोकं कपाटाखालून ओढलं, उचललं आणि खुर्चीपाशी नेलं. तिथे तो ते हातात धरून उभा राहिला. खोकं जड नाही, दिव्यांचं वजन फार नसतं. शेवटी त्याने ते खाली, दोन खुर्च्यांच्या मध्ये, जमिनीवर ठेवलं आणि दिवा बंद केला.

उद्या गुरुवार. गुरुवारी सकाळी अल्विन ट्रेलोर आठवड्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट आणायला मुख्य रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात जातो. दुकान साडेआठला उघडतं आणि पाकिटं टिएन व्हो स्वतः देते.